आधी शेवटचं अक्षर

तुम्हाला सांगतो, अख्ख्या बाजारपेठेत माझ्यासारखं अक्षर काढणारा दुसरा पेंटर नाही... म्हणजे उरलाच नाही, काही वर गेले आणि काही फ्लेक्सच्या दुकानात मशीनची बटणं दाबायला गेले, पण पहिला नंबर तो पहिला नंबर, आणि अशा माणसाच्या नातीबद्दल शाळा म्हणते हिला लिहिता येत नाही, पुन्हा त्याच वर्गात बसवा, आणि सून म्हणते मग मी तिला मामाकडेच ठेवते, मामी शिकलेली आहे, रोज अभ्यासाला बसवते... परवाच्या गाडीने चालली पोरगी, सुट्टीला नाही हो, कायमची. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

सुरुवात केली कुणी, बाईंनी. शाळेने पालकांना बोलावलं. आमच्या घरात पालक म्हणजे सून, ती दिवसभर लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री मारते, घरी येते तेव्हा तिच्या स्वतःच्याच अंगाला घड्या पडलेल्या असतात, म्हणून गेलो मी. तर बाई अशी मान तिरकी करून, शब्दाशब्दाला साखर लावून, "आजोबा, रोज थोडा वेळ मुलीजवळ बसायचं, ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचायचं, लिहिताना घाई करायची नाही, रागवायचं नाही, तुम्हाला जे येतं ते तिच्यासोबत आनंदाने करायचं." शब्दन् शब्द लक्षात ठेवला मी. लहानपणी बाईंचं एवढं ऐकलं असतं तर चौथीच्या पुढे गेलो असतो.

वाचनाचं म्हणाल तर आमची भिंगरी... भिंगरी म्हणजे नात, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी... गोष्टीचं पुस्तक घेऊन माझ्या मांडीला चिकटायची, मी बोट फिरवत वाचायचो आणि मध्येच थाप घुसवायचो. पुस्तकात कोल्हा विहिरीत पडलाय आणि मी वाचतो, कोल्ह्याने बाईंच्या पर्समधला डबा फस्त केला, की ही माझं बोट धरून मागे ओढणार, "आजोबा, असं कुठंय, दाखवा." दाखवा म्हणजे काय, पोरीला वाचता यायला लागलं होतं की नाही? थापेथापेला पकडायची मला. मी आणखी थापा मारायचो. बाईंनी आनंदाने करा म्हटलं होतं.

मग आलं लिहिणं. तिथे एकही थाप मारली नाही आणि तिथेच घात झाला.

आमच्या धंद्यात शब्द पहिल्या अक्षरापासून सरळ लिहीत सुटलात की बुडालात. पोरवयात एका डॉक्टरचा बोर्ड घेतला होता, मोठ्या दिमाखात 'द' काढला, 'वा' काढला, 'खा' काढला आणि फळीच संपली. उरलेला 'ना' कुठे, तर शेजारच्या न्हाव्याच्या भिंतीवर. न्हावी म्हणतो कसा, "एक अक्षर माझ्याकडे आलंय, आता थोडे पेशंटही पाठवा." तेव्हापासून नियम... खडू चोळलेला दोरा ताणून टिचकी मारायची, शिरोरेघ तयार, मग शेवटचं अक्षर, मग पहिलं, दोन्ही टोकं पक्की झाली की मधली अक्षरं मापात बसवायची. आधी कडा, मग आत रंग, मग सावली. हेच शिकवलं पोरीला. बाई काय म्हणाल्या होत्या? तुम्हाला येतं ते. मला हेच येतं. माझं काय चुकलं?

सराव कशावर, तर आमच्या दारामागे एक बोर्ड उभा आहे, त्यावर. माझ्या मुलाचा. म्हणजे त्याने लिहायला घेतलेला, कुठल्याशा किराणा दुकानाचा, दोन्ही टोकांची अक्षरं रंगवून ठसठशीत केलेली, मधली नुसती पेन्सिलीने... तेवढ्यात वरच्या मजल्यावरचं एक काम उरकून येतो म्हणाला, परांचीवरून पाय घसरला, आला नाही. दोन वर्षं झाली. दुकानदार भला माणूस, मागायला आला नाही. मीच भरलं असतं मधलं, पण हा हात बघा... कप तोंडाशी येईतो निम्मा चहा बशीत. ते सोडा. भिंगरी त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि मी म्हणायचो, बघ, हे तुझ्या बापाचं वळण. उचललं हो पोरीने वळण.

परीक्षेला बाईंनी शुद्धलेखन घातलं. "सकाळपासून पाखरं ओरडत होती..." सगळा वर्ग खाली मान घालून खरखर खरखर, आणि आमच्या भिंगरीने काय केलं, फ्रॉकच्या शिवणीतला दोरा उसवला, त्याला पेन्सिलीचं शिसं चोळलं, शेजारणीला म्हणाली, "एक टोक धर गं," आणि मारली टिचकी. घंटा झाली तेव्हा कागदावर काय, तर एका टोकाला 'सकाळपासून'चा 'स', दुसऱ्या टोकाला त्याचाच 'न', सावलीसकट, आणि मध्ये पांढरं मैदान. पाखरं ओरडून ओरडून घरी गेली.

पुन्हा बोलावणं. या वेळी साखर नाही. "आजोबा, अक्षर फार सुंदर आहे. पण हे काय आहे?" मी म्हटलं, "बाई, रंग वाळला की मधलं उद्या भरतो." कुणी हसेना हो. जन्मभर अशा जागी लोक हसले, आणि तिथे... सून शेजारी उभी, अर्धी रजा टाकून आलेली, त्या रिकाम्या जागेकडे बघतेय. आणि भिंगरी हळूच मला विचारते, "आजोबा, आपलं चुकलं का?" आपलं म्हणाली. तुमचं नाही म्हणाली.

आज सून तिची बॅग भरत होती. इस्त्रीवालीच ती, फ्रॉकची एकेक घडी अशी की उलगडायचा धीर होऊ नये. भिंगरी कानात म्हणाली, "दोरा नेऊ?" म्हटलं ने, मामीच्या नजरेला पडू देऊ नकोस. ती खेळायला पळाली आणि मी सुनेसमोर बसलो, आयुष्यात पहिल्यांदा मस्करी न करता बोललो, "एक वर्ष ठेव तिला. तू सांगशील तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ लिहून घेतो. टोकं तर जमलीच आहेत तिला, मधलं काय, मी भरून घेतो... आणि खरं सांग, यात माझं चुकलं काय?"

तिने मान वर केली नाही. घडी घातली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, दारामागचा बोर्ड दोन वर्षं तसाच उभा आहे. आधी तो भरा, मग पोरीला परत आणते."