आत्याची किडनी

अरे, आमच्या आत्याचं सांगतो. दिघीला मासळी विकते ती. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा म्हणाली, "दादा, माझी घे." धाकट्या बहिणीच्या अंगाला सुरी लावायला बाबा तयार होईनात. शेवटी तीच त्यांना मुंबईला घेऊन गेली. तिथं डॉक्टरांनी नियमाप्रमाणे तिला विचारलं, "ताई, तुमच्यावर कोणी जबरदस्ती करतंय का?"

"न्हाय हो! मीच करतेय याच्यावर. तुमीच समजवा याला."

बाबांना हसू फुटलं आणि ते हो म्हणाले.

ऑपरेशननंतर नर्स सांगत आली, "नवी किडनी चालू झाली, लघवी झाली!" आईनं भेटेल त्याला पेढे वाटले. एका आजींनी विचारलं, "काय झालं गं, मुलगा की मुलगी?"

आई म्हणाली, "लघवी!"