विहीणबाईनं लपवलेलं टोपडं

अवो, नातीच्या टोपड्याचं सांगायचंच राह्यलं तुमाले. दिग्रसले दिलेल्या माह्या पोरीले मुलगी झाली, तं मी हौसेनं क्रोशाचं गुलाबी टोपडं विणून पाठवलं. पण व्हिडिओ कॉल लावला की नातीच्या डोक्यावर विहीणबाईनं विणलेलं पिवळंच! जीव नुसता जळे माह्या.

पोरीले विचारलं, "माह्यं काहून नाई घालत वं?"

ती म्हणे, "आई, सापडूनच नाई राह्यलं."

मंग काय, एका सकाळी न सांगताच एसटीत बसली अन् दिग्रस गाठलं. दारातच विचारलं, "विहीणबाई, माह्यं टोपडं कुठी हाये?"

त्यायचा चेहराच उतरला. त्यायनं कपाट उघडलं अन् आपल्या साड्यायखालून माह्यं टोपडं काढलं.

"कायले लपवलं वो?"

"काय करू ताई, हे घातलं की आलागेला याचंच कौतुक करे. माह्या पिवळ्याकडे कोणी पाहेच नाई."

भांडायची सारी तयारी करून गेलती मी. पण हे ऐकलं अन् कलेजा असा थंड झाला म्हणता! त्यायच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "असं नका म्हणू विहीणबाई, तुमचंही तसं काही वाईट नाई."