स्टेशनात पाणी भरलं तेव्हा

नाही, पोरी, हे साफ खोटं आहे! ‘साग्यंदिक साहेबांनी स्टेशन वाचवलं’ — आणि हे तुम्ही खाली मेट्रोच्या भिंतीवर लावणार? कुणी सांगितलं तुला? त्यांनीच? मग झालंच! ... घे, चहा घे आधी, दूध घातलंय.

आता तुम्ही झुंबरांखालून चढता-उतरता ना, तिथे तेव्हा नुसती चिखलाची गुहा होती. देश मोडला, त्याचे पंधरा तुकडे झाले, मेट्रोचं काम थांबलं, सगळे पांगले. पण डोंगराचं पाणी थोडंच थांबतंय? उपसलं नाही तर बोगदा भरणार, वरचा रस्ता खचणार, म्हणून पंप चालवायला मोजकी माणसं ठेवली होती. त्यातला एक माझा नवरा, तेमिरखान. पगार? हसू नकोस, एकदा पगार म्हणून गमबूट दिले — दोन्ही डाव्या पायाचे!

तर त्या दुपारी मी निरोप घ्यायला — म्हणजे डबा द्यायला गेले होते. आणि अख्ख्या अल्माती शहराची वीज गेली. पंप बंद. वरखाली नेणारा पिंजरा बंद. खालचा लोखंडी जिना कुणीतरी केव्हाच भंगारात घातलेला. आणि हा एकटा खाली! मी पिंजऱ्याच्या भोकात वाकून ओरडले, ‘तेमिरखान!’ खालून आवाज — ‘कोण, लिदा? तू इथे कशी?’ ‘पाणी कुठवर आलंय?’ ‘गुडघ्यापर्यंत. चहा सोडतेस का दोरीनं?’ असा माणूस! पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाला, ‘कमरेपर्यंत,’ आणि चहाचं नाव काढलं नाही. तेव्हा मी साग्यंदिककडे धावले — कामावरचे साहेब तेव्हा तेच.

जनरेटर होता की! पण टाकी कोरडी — डिझेल तुझ्या साहेबांनी कधीच विकून खाल्लं होतं. मी म्हटलं, ‘काहीतरी करा!’ तर म्हणे, ‘बाई, वीज येईल, धीर धरा.’ धीर! मी पळत रस्त्यावर गेले आणि कोबीच्या ट्रकसमोर बॅग आपटून उभी राहिले —

बॅग? हो, होती बॅग. अशी बघू नकोस. डब्याला कशाला बॅग लागते, हेच ना? ... बरं. आम्ही इथले जर्मन. आई, भाऊ, सगळे तिकडे जर्मनीत निघून गेलेले, माझेही कागद आईनं करून घेतलेले. संध्याकाळचं विमान होतं. त्याला सांगितलं नव्हतं. भोकाशी उभं राहून सांगणार होते — वर यायला त्याला वेळ लागला असता ना, तेवढ्यात निघून जाता आलं असतं. कळलं?

ड्रायव्हर खेकसला, ‘मरायचंय का?’ मी म्हटलं, ‘डिझेल दे, खाली माणूस बुडतोय.’ ‘कोण लागतो तुझा?’ ... कितीतरी दिवसांत मी तो शब्द तोंडातून काढला नव्हता गं. म्हटलं, ‘नवरा आहे माझा!’ त्यानं ट्रकच्या टाकीत नळी घातली, तोंडानं डिझेल ओढून कॅन भरून दिला. जनरेटर दोनदा खोकला, बंद पडला, खालून आवाज यायचा थांबला — मी देवाला काय काय शिव्या दिल्या, विचारू नकोस — आणि मग धडधडला एकदाचा.

पिंजऱ्यातून वर आला तेव्हा गळ्यापर्यंत चिखल, ओठ निळे. आधी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘कुठे निघालीस?’ मी म्हटलं, ‘तुझे कोरडे कपडे आणलेत.’ ‘मग दे,’ म्हणाला. उघडली. वरच माझा लाल कोट! त्यानं तो अंगात घातला, अर्ध्या बाह्यांचा झाला त्याला, आणि भर रस्त्यातून तसाच घरी चालत आला. पोरंटोरं दात काढत होती. विमान? गेलं. त्यावर आम्ही आजतागायत बोललो नाही. त्याला कळलंय की नाही, तेही मला —

गप्प! जिन्यात पावलं वाजली. तोच आहे. पेन ठेव आत. स्टेशनचं काय ते लिही, हे नाही, ऐकलंस? ऊठ, तुझा कोट घाल —

काही नाही रे, पंपांचंच सांगत होते. ही निघालीच होती.