कोंबड्यांची निजानीज

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बायका बोलत बसल्या होत्या.

"आमच्या कोंबड्या अंड्यांच्या खोक्यातच झोपायच्या हो. सकाळी सगळी अंडी घाण!"

"मग खोक्यांपेक्षा उंच दांडी बांधायची. त्यांना उंचावर झोपायला आवडतं."

"बांधली की! सवय लागावी म्हणून आमचे हे रोज एकेकीला उचलून दांडीवर ठेवायचे."

"लागली सवय?"

"उचलून घ्यायची लागली! दिवस मावळला की बाराजणी यांच्यापुढे रांग लावतात. हे प्रत्येकीला थोपटतात, लाडीगोडी लावतात. पोटच्या पोरांना कधी निजवलं नाही या माणसानं!"

"अगं बाई! मग?"

"मग काय, काल मीही रांगेत उभी राहिले."

"अय्या! उचललं?"

"उचललं ना. म्हणून तर आत कंबरेचा एक्स-रे चाललाय."