पंचांगाची गोडी

कुंभकोणम् स्टेशनात तिरुविडैमरुदूरची गाडी यायला अवकाश होता. वकिलाकडचे कारकून सुंदरराव बाकावर पेंगत होते. पलीकडे दोघी बहिणी मराठीत बोलू लागल्या आणि त्यांची झोप उडाली.

"अक्का, आमचे हे तीन वर्षांच्या पोरीला रोज पंचांग वाचून दाखवतात!"

"पंचांग? गोष्टी सोडून?"

"घरात मराठी पुस्तक तेवढंच. पोर गल्लीत तमिळच बोलते, घरची भाषा विसरेल म्हणून यांचा जीव खालीवर होतो."

"मग, शिकली का?"

"शिकली की! काल एरंडेल पाजायला गेले, तर म्हणते, 'आई, आज मुहूर्त नाही.'"

"अगंबाई! लपवून टाक ते पंचांग."

"टाकलं होतं, तांदळाच्या मडक्यात. तर बसल्या बसल्या नक्षत्रं तोंडपाठ म्हणायला लागली. मघा झाल्यावर पूर्वा गाळून एकदम उत्तरेवर गेली, तेव्हा मीच तिला अडवलं."

"तू? तुला कुठे अक्षर येतं?"

"चुलीपाशी बसून रोज ऐकते ना!"

सुंदररावांनी हसू उपरण्यात दाबलं.

"मग आता?"

"काढलं मडक्यातून. आज संध्याकाळी पुढचं पान वाचायला सांगितलंय यांना."

"पोरीसाठी?"

"तिचं पाठ झालंय, अक्का. माझं राहिलंय."