पुड्यावरची गाय

मी, ही शेवंता, वाचून सामान आणते, हे घरात कोणी मानायलाच तयार नाय. अगो, चौथी शिकलेय मी. पोलादपूरच्या बाजारातून तुपाचा पुडा आणला, तोही वाचूनच आणला.

गणपतीत मुंबईचे पाहुणे जेवायला बसलेले. मोदकांवर ते तूप वाढलं, तर नणंदेने तोंड वाकडं केलं. "वहिनी, तुपाला कसला वास येतोय?"

मी सगळ्यांसमोर सुनेवर, रूपालीवर, घसरले. "तूप तापवताना करपवलंस ना? आईने एवढं पण शिकवलं नाय?" पोरगी रडली.

मग नणंदेने पुडा मागवला आणि मोठ्याने वाचला, "फक्त दिव्यासाठी. खाण्यासाठी नाही."

पुड्यावर गाय होती, वासरू होतं. मी 'तूप' वाचलं, गाय बघितली आणि पुढचं वाचलंच नाय. अक्षरं काय बारीक नव्हती.

पाहुण्यांनी पानं बाजूला सारली. सासूबाई म्हणाल्या, "आता बोल गो, चूक कोणाची?"

रूपालीकडे बघवत नव्हतं. तरी तिच्याकडे बघूनच बोलले, "शेवंताची."