दोष जाळीचा

...नाही, मग तुम्हीच सांगा, न्हाणीघरात पाणी तुंबलं की पहिलं बोट कुणाकडे जातं? जाळीकडे! म्हणजे माझ्याकडे, कारण त्या जाळ्या मी बनवतो. हातानं नाही हो, कंपनीत बसून, आधी कागदावर आणि मग मशीनवर. शॉवरखाली पायाशी ती भोकांची चकती असते ना, जिच्याकडे तुम्ही जन्मात एकदा वाकून बघितलेलं नसतं, ती. तिच्यातून पाणी लवकर कसं जाईल, एवढाच विचार करायला मला ठेवलंय. हसा, लोक हसतातच. आमच्या लग्नात सासरे पाहुण्यांना सांगत होते, "जावई इंजिनिअर आहेत." कुणीतरी विचारलं, कसले? तर म्हणाले, "पाण्याचे." अर्ध्या मांडवाला वाटलं, मी धरणं बांधतो.

तर तुम्हाला सांगतो, या धंद्यात एकच गोष्ट नक्की, दोष जाळीचा. गवंडी फरशीला उतार देणार दाराकडे, जाळी असणार कोपऱ्यात, पाणी बिचारं दारात ताटकळत उभं, आणि गवंडी काय म्हणतो? "उतार एकदम बरोबर आहे साहेब, जाळीच ओढत नाही." एक बाई होत्या, रोज कुत्र्याला शॉवरखाली घालायच्या. मी जाऊन जाळी उचकटली तर आत केसांचा एवढा बोळा, म्हणजे दुसरं कुत्रंच तयार होत आलेलं... आणि बाई म्हणतात, "आमच्या राजाचे केस गळतच नाहीत." एका गृहस्थांनी उरलेलं पांढरं सिमेंट बादलीत कालवून सरळ आत ओतलं आणि वर तक्रार, पाणी सावकाश जातं! आमचे साहेब नाकात बोलतात. म्हणतात, "ग्राहकाला कारण नको असतं, ग्राहकाला पाणी गेलेलं हवं असतं. दोष जाळीचा, धरून चाला." चालतोय धरून. किती वर्षं चालतोय.

आणि आई गेली तेव्हाही तेच.

हो, सांगतो ना, तेच तर सांगायला बसलोय. आमच्या घरची जाळी मी केलेली आणि मीच बसवलेली. आधीची दुसऱ्या कंपनीची होती, चांगली चालत होती, बाबा म्हणतही होते, "चालतंय ते कशाला उचकटतोस?" पण मला हौस! कंपनीत नवीन जाळी झाली, पहिली घरी आणली. शॉवरच्या जागेला चार बोटं उंच कठडा आहे, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. सकाळी पहिली आंघोळ बाबांची, मग आईची, हे माझ्या जन्माआधीपासूनचं. त्या दिवशी बाबा बाहेर आले, आई आत गेली, कठडा ओलांडला, आणि आत घोटाभर साबणाचं पाणी तसंच उभं. पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं, मग अंथरूण, मग छाती भरली... झालं. पडली तेव्हा ओरडलीसुद्धा नाही हो. उचलायला गेलो तर म्हणते, "आधी माझ्यावर टॉवेल टाक."

बाबा नुसते उभे होते. हातात निथळता नॅपकिन. मला वाटलं, आईचं तोंड पुसायला घेतलाय. दवाखान्यातसुद्धा तो त्यांच्या हातात होता, पँटवर ठिबकत होता. नर्स म्हणाली, "काका, द्या इकडे," तर दिला नाही.

आणि मग भेटायला येणारे लोक! मामा, म्हणजे आईचा भाऊ, खुर्चीत टेकायच्या आधी म्हणाला, "अरे, तू हेच बनवतोस ना रे?" बस, एवढंच. मग पाणी प्यायला. घरात जाळीवाला, आणि आई तुंबलेल्या पाण्यात घसरून... दोष जाळीचा. या खेपेला मीही मान्य केलं.

मग मी लागलो मागे. झोप नाही, जेवण नाही, नुसत्या जाळ्या. भोकं मोठी केली, खाली नरसाळं दिलं, वळणदार पाती बसवली, म्हणजे पाणी गरगरत आत खेचलं जावं. कंपनीत काचेच्या टाकीत लावली की अशी चालायची, साहेब नाकातून टाळ्या वाजवायचे, म्हणजे तसं वाटायचं. घरी आणून बसवायचो. मी आंघोळ करायचो, पाणी गडप. बायको करायची, गडप. आणि रविवारी फरशी घासायला बसलो की भिंतीवर घोट्याच्या उंचीला साबणाची पांढरी रेघ! म्हणजे पाणी थांबतंय. कधी थांबतंय? आम्ही गेल्यावर. घरात असतं कोण? बाबा.

कारण आई गेल्यापासून बाबा आंघोळ सगळ्यांच्या शेवटी करायला लागले होते. जन्मभर पहाटे पहिला नंबर लावणारा माणूस, आता आम्ही दोघं ऑफिसला गेल्याशिवाय टॉवेल हातात घेत नव्हता. बायको म्हणायची, "खचलेत हो." मलाही वाटलं, खचलेत. पण माझं डोकं जाळीतच! मी म्हटलं, वरच्या मजल्यावरचे लोक त्याच वेळी पाणी सोडत असतील, पाइपात हवा अडकत असेल, उलटा दाब येत असेल... वरच्या काकूंकडे जाऊन विचारून आलो, "तुम्ही आंघोळीला कधी जाता?" काकांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून जिन्यात भेटले की भिंतीकडे बघतात.

शेवटी नवी जाळी बसवली आणि रजाच टाकली. बाबांना म्हटलं, बाजारात जाऊन येतो. मुद्दाम दार आपटलं आणि आतल्या खोलीत बसून राहिलो, हातात घड्याळ. शॉवर सुरू झाला, बंद झाला, आणि मग पाणी उतरल्याचा आवाज यायला हवा, गुडगुड... नाही. काहीच नाही. डॉक्टरांनी बाबांना कडी लावायला मनाई केली होती. मी दार ढकललं.

बाबा स्टुलावर बसलेले, अंगाला टॉवेल, डोळे मिटलेले, पाय घोट्यापर्यंत कोमट पाण्यात. आणि माझ्या नव्या जाळीवर, माझ्या वळणदार पात्यांवर, नीट चौघडी करून ठेवलेला नॅपकिन.

हसूच आलं मला, खोटं कशाला बोलू? वर्षभर मी पाण्याशी भांडत होतो आणि इथे बूच! म्हटलं, "बाबा, हे काय?"

दचकले. म्हणाले, "पाय गार पडतात रे. साखरेनं मुंग्या येतात, कोमट पाण्यात जरा जीव येतो. काढतो मी नॅपकिन नंतर. आठवणीनं काढतो." मी म्हटलं, "अहो, मग टब आणला असता, सांगायचं नाही का?" ते ऐकतच नव्हते. पाण्याकडे बघत म्हणाले, "नेहमी काढायचो. एकदाच राहिला. ती म्हणाली, गॅसवर दूध ठेवलंय, बघा जरा, मी आंघोळीला जाते. मी तसाच दुधाकडे गेलो. आता शेवटी करतो आंघोळ... माझ्या मागून कुणी यायला नको."

तुम्हाला सांगतो, हसू जिथल्या तिथे मेलं. तो निथळता नॅपकिन आठवला. वर्षभर हा माणूस ते घेऊन बसला होता, आणि मी त्याच्या नाकासमोर जाळ्या बदलत होतो! राग आला का? आला. आई माझी होती. पण त्यांचे पाय बघितले, पाण्यात पांढरे पडलेले... आणि तोंडातून निघून गेलं, "नॅपकिननं काय होतंय बाबा? कापड आहे ते, पाणी जातं त्यातून. मी कंपनीत बघितलंय करून. दोष जाळीचाच होता. भोकं बारीक पडली होती."

नॅपकिन तिथेच होता. पाणी तिथेच होतं, तसूभर हललं नव्हतं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. बाबांनी एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि मग एकदम त्यांचा जुना आवाज, आई असतानाचा, "तरी मी तेव्हाच म्हटलं होतं, चालतंय ते उचकटू नको. पहिलीच जाळी चांगली होती. माझं या घरात ऐकतंय कोण?"

म्हटलं, "चुकलंच बाबा." दार लोटलं आणि बाहेर आलो.

दुपारी पोटभर जेवले ते. मग त्यांनीच मामाला फोन लावला, मला आतून ऐकू येत होतं. मग मला हाक मारून फोन हातात दिला. मामा म्हणतो, "काय रे, कबूल केलंस म्हणे?"

म्हटलं, "हो मामा. दोष जाळीचा."